श्री संत निवृत्तिनाथ : चरित्र आणि ब्रह्मगिरीवरील स्थाने

द्वादश ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वर नाशिकच्या पश्चिमेस सुमारे २८ किलोमीटर अंतरावर, ब्रह्मगिरी पर्वताच्या पायथ्याशी वसलेले आहे. कुशावर्तावरील स्नान, ज्योतिर्लिंगाचे दर्शन आणि नेमलेला धार्मिक विधी आटोपला की बहुसंख्य यात्रेकरू परतीच्या वाटेला लागतात. परंतु गावातून गंगाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्याने थोडे पुढे गेले, की डोंगराच्या अगदी कुशीत एक समाधी आहे. वारकरी संप्रदायाचे आद्यगुरू मानले गेलेले श्री संत निवृत्तिनाथ महाराज तेथे विसावले आहेत. श्री ज्ञानेश्वर माउलींचे ते थोरले बंधू आणि सद्गुरू. माउलींचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत आहे. ज्यांनी माउलींना घडविले, त्यांच्या चरित्राकडे मात्र भाविकांचे लक्ष त्या मानाने कमी जाते. त्र्यंबकेश्वरी येऊन हा डोंगर चढणाऱ्याने ते चरित्र जाणून घेतले पाहिजे, कारण त्यातील सर्वांत महत्त्वाची घटना याच डोंगरात घडली आणि अखेरही येथेच झाली.

आपेगावचे घराणे

गोदावरीच्या उत्तर तीरावर, पैठणजवळ आपेगाव नावाचे गाव आहे. तेथील कुलकर्णीपण निवृत्तिनाथांच्या पूर्वजांकडे वंशपरंपरेने चालत आले होते. पणजोबा त्र्यंबकपंत हे गोरक्षनाथांचे अनुगृहीत होते आणि आजोबा गोविंदपंत व आजी निराबाई यांच्यावर गहिनीनाथांची कृपा होती, असे परंपरा सांगते. नाथपंथाचे आणि या घराण्याचे नाते अशा रीतीने निवृत्तिनाथांच्या जन्मापूर्वीच जुळलेले होते.

गोविंदपंतांचे पुत्र विठ्ठलपंत हे बालपणापासून विरक्त वृत्तीचे. तीर्थयात्रा करीत ते आळंदीस आले असता तेथील कुलकर्णी सिधोपंत यांनी आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. विवाह झाला, पण मन संसारात रमेना. अखेरीस विठ्ठलपंत काशीस गेले आणि मागे पत्नी आहे ही गोष्ट गुरूंना न सांगता त्यांनी संन्यास घेतला. त्यांच्या हातून घडलेली ही चूक लहान नव्हती आणि तिचे ओझे पुढे त्यांच्या चार लेकरांना वाहावे लागले. रुक्मिणीबाई आळंदीस अश्वत्थाला प्रदक्षिणा घालीत दिवस कंठीत होत्या. काही काळाने विठ्ठलपंतांचे गुरू दक्षिणेच्या यात्रेस निघाले असता आळंदीत मुक्कामास आले. नमस्कार करणाऱ्या या स्त्रीस त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि तिच्या मुद्रेवरचा विषाद पाहून चौकशी केली. सारा प्रकार उलगडताच ते यात्रा सोडून काशीस परतले आणि शिष्यास पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा केली.

गुरूंच्या आज्ञेने का होईना, संन्यासी पुन्हा संसारात आला होता. तत्कालीन समाजाला ते मान्य होणे शक्य नव्हते. विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई वाळीत पडले. अशा स्थितीत शके ११९५, म्हणजे इ.स. १२७३ मध्ये निवृत्तिनाथांचा जन्म झाला. त्यांच्या पाठीवर शके ११९७ मध्ये ज्ञानदेव, शके ११९९ मध्ये सोपानदेव आणि शके १२०१ मध्ये मुक्ताबाई अशी भावंडे जन्मास आली. जन्मशकांविषयी संत जनाबाईंच्या नावे आणखी एक गणना सांगितली जाते, परंतु सर्वसाधारणपणे हीच वर्षे प्रमाण मानली जातात. देवगिरीस त्या वेळी यादवराजा रामचंद्रदेव याचे राज्य होते. विद्येला राजाश्रय होता, धर्मशास्त्रावर मोठमोठे ग्रंथ लिहिले जात होते; आणि त्याच धर्मशास्त्राच्या आधारे आळंदीतील या चार मुलांना संन्याशाची पोरे म्हणून हिणवले जात होते.

ब्रह्मगिरीची रात्र

थोरला मुलगा मुंजीच्या वयाचा झाला तसा विठ्ठलपंतांपुढे प्रश्न उभा राहिला. उपनयनास गावाची मान्यता मिळेना. तेव्हा पत्नी व मुलांना घेऊन ते त्र्यंबकेश्वरी आले. येथे अनुष्ठान करावे, रोज रात्री कुशावर्तात स्नान करून ब्रह्मगिरीस प्रदक्षिणा घालावी, असा त्यांनी नेम धरला.

आज यात्रेकरू पाहतात तो कुशावर्ताचा दगडी घाट आणि तेव्हाचे तीर्थ यांत फार अंतर होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सध्याचे श्री त्र्यंबकेश्वराचे काळ्या पाषाणाचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी इ.स. १७५५ मध्ये बांधावयास घेतले आणि ते इ.स. १७८६ मध्ये पूर्ण झाले. विठ्ठलपंत येथे आले तो काळ याच्या जवळजवळ पाचशे वर्षे आधीचा. तेव्हा येथे जुने देवस्थान, अवतीभवती थोडी वस्ती आणि चहूकडे घनदाट अरण्य होते. ब्रह्मगिरीची फेरी आजही सोपी नाही. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी हजारो भाविक ही प्रदक्षिणा करतात. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची आणि मोठी सुमारे ४० किलोमीटरची भरते. सोबतीला हजारो माणसे असूनही पावसात, चिखलात पाय थकून जातात. ज्या पित्याने दोन-चार वर्षांच्या लेकरांना घेऊन अशा वाटेने रात्रीमागून रात्री चालावे, त्याच्या मनातील व्याकुळता केवढी असेल!

अशाच एका रात्री वाटेत वाघ आडवा आला. विठ्ठलपंतांनी लहान मुलांना सावरले, सर्वांची पांगापांग झाली आणि त्या गोंधळात निवृत्ती मागे राहिले. अंधारात जीव घेऊन धावता धावता ते डोंगरातील एका गुंफेत शिरले. त्या गुंफेत गहिनीनाथ तपश्चर्येस बसले होते.

चरित्रकार या जागेचा उल्लेख अंजनी पर्वतावरील गुहा असा करतात. क्षेत्रातील परंपरा भाविकांना गंगाद्वाराजवळील नाथांच्या गुंफेकडे नेते. ब्रह्मगिरीच्या या कातळांत नाथपंथीयांचा वावर फार प्राचीन आहे. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ पर्वानंतर नाथयोग्यांची झुंडी त्र्यंबकेश्वराहून पायी निघून पार कर्नाटकातील मंगळूरच्या कदरी मठापर्यंत जाते. हा प्रघात आजही चालू आहे, यावरून या पंथाच्या दृष्टीने येथील डोंगराचे महत्त्व किती आहे हे कळून येते.

निवृत्ती गुंफेत सात दिवस राहिले. त्यांच्या आजोबांवर अनुग्रह करणारे महापुरुष पुढे बसलेले आणि समोर भ्यालेला, आईबापांपासून दुरावलेला, ज्याची मुंजही होऊ शकत नाही असा आठ-दहा वर्षांचा मुलगा. गहिनीनाथांनी त्याचे कुळ विचारात घेतले नाही की शुद्धिपत्र मागितले नाही. आदिनाथ शंकरांपासून मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ यांच्या द्वारे आपल्याकडे आलेले ज्ञान त्यांनी या मुलाच्या हाती सोपविले. ज्ञानदेवांनी आपल्या भावार्थदीपिकेच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी ही परंपरा नावानिशी सांगितली आहे. कलियुगाने गांजलेल्या जीवांना या ज्ञानाचा आधार द्यावा, अशी आज्ञा गहिनीनाथांनी निवृत्तींना केली, हेही तेथेच नमूद आहे.

या उपदेशात एक विशेष होता. नाथपंथ हा शैव, योगमार्गी आणि गुरू-शिष्यांपुरता जपलेला. गहिनीनाथांनी मात्र निवृत्तींना योगाबरोबर श्रीकृष्णभक्तीही दिली. निवृत्तिनाथांच्या नावावरील अभंग वाचताना याचा प्रत्यय येतो. गोकुळ, गोपाळ, यशोदेचे अंगण यांची त्यांना विलक्षण ओढ आहे. योग्यांच्या समाधीत जे सापडते तेच गवळ्यांच्या पोरांत खेळते आहे, हा भाव त्यांच्या रचनांतून पुन्हा पुन्हा येतो. हरिपाठाचे अभंगही त्यांच्या नावावर आहेत. पुढे वारकरी संप्रदायात हर आणि हरी यांचे जे ऐक्य झाले, विठ्ठलाच्या मस्तकी शिवलिंग आहे ही जी श्रद्धा दृढ झाली, तिचा उगम शोधू गेल्यास तो या गुंफेपाशी पोहोचतो. त्र्यंबकेश्वराच्या ज्योतिर्लिंगात ब्रह्मा, विष्णू व महेश या तिन्ही देवतांची अंगुष्ठमात्र लिंगे आहेत. अशा ठिकाणी वैष्णव संतांच्या आद्यगुरूंना दीक्षा मिळावी, हे सुसंगतच म्हटले पाहिजे.

सात दिवसांनी निवृत्ती आईवडिलांना भेटले तेव्हा ते गुरू झालेले होते. त्यांनी आपल्याला मिळालेले ज्ञान धाकट्या भावास दिले. सोपानदेव आणि मुक्ताबाई यांनीही त्यांच्यापासूनच उपदेश घेतला. धाकटे भाऊ-बहीणच आपले शिष्य, आणि शिष्य तरी कसे, तर ज्ञानदेवांसारखे! गुरुपदाचा असा योग अन्यत्र क्वचितच आढळेल.

पैठण आणि नेवासे

अनुष्ठान झाले, पण गावाचा निर्णय बदलला नाही. संन्याशाने पुन्हा संसार मांडल्याबद्दल देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा उपाय नाही, असे विठ्ठलपंतांना सांगण्यात आले. मुलांचा तरी स्वीकार होईल या आशेने पतिपत्नींनी घर सोडले आणि प्रयागी त्रिवेणीसंगमात देह अर्पण केला. चार मुले उरली. वडीलकीची जबाबदारी निवृत्तिनाथांवर आली.

तरीही आळंदीने त्यांना स्वीकारले नाही. पैठणच्या ब्रह्मवृंदाचे शुद्धिपत्र आणावे, असे सांगण्यात आले. या प्रसंगी भावंडांमध्ये मतभेद झाला, असे संत नामदेवांनी आपल्या चरित्रपर अभंगांतून सांगितले आहे. निवृत्तिनाथांचे म्हणणे असे, की आत्म्यास वर्ण नाही, जात नाही, कुळ नाही. मग शुद्धी कोणाची आणि ती देणार तरी कोण? ज्याला गुंफेत सर्व काही मिळाले होते, त्याने असे म्हणावे यात नवल नव्हते. ज्ञानदेवांचा विचार वेगळा होता. लोकांत राहावयाचे तर विधी पाळला पाहिजे, आपल्या वर्तनाने इतरांचा बुद्धिभेद होऊ नये, असे त्यांना वाटत होते. निवृत्तिनाथ गुरू होते, वडील होते. त्यांनी आपला शब्द चालविला असता तर धाकट्यांनी तो मानलाच असता. परंतु ते शिष्याच्या म्हणण्याला मान देऊन पैठणास चालू लागले. त्यांच्या गुरुपणाची थोरवी या एका प्रसंगात जितकी दिसते तितकी चमत्कारांच्या कथांतही दिसत नाही.

पैठण येथे नागघाटावर ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही कथा सर्वश्रुत आहे. तो रेडा पुढे या भावंडांबरोबर निघाला आणि जुन्नर तालुक्यातील आळे येथे त्याने देह ठेवला; त्याची समाधी तेथे आहे. पैठणच्या विद्वानांनी शके १२०९, म्हणजे इ.स. १२८७ मध्ये शुद्धिपत्र दिले असे सांगतात. मुले मोकळी झाली, पण ज्यासाठी आईबापांनी प्राण दिले ती मान्यता त्यांना पाहावयास मिळाली नाही.

पैठणहून ही मंडळी प्रवरेच्या तीरी नेवाशास आली. तेथे निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना गीतेचा अर्थ मराठीत सांगण्याची आज्ञा केली. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये भावार्थदीपिका पूर्ण झाली. तीच आपली ज्ञानेश्वरी. सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ सांगणारे पंधरा वर्षांचे आणि पुढे बसून ऐकणारे गुरू सतरा वर्षांचे होते. सच्चिदानंदबाबा लेखक झाले. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या भाविकांना ठाऊक आहे, की पुष्कळ अध्यायांचा आरंभ गुरुवंदनाने होतो आणि त्या वंदनात ज्ञानदेवांची वाणी थांबता थांबत नाही. काही ठिकाणी ही स्तुती लांबत गेली, की स्वतः निवृत्तिनाथ तिला आवर घालून मूळ विषयाकडे वळण्याची सूचना करतात. आपली स्तुती ऐकत राहण्यापेक्षा गीतार्थ पुढे जावा, हीच गुरूंची इच्छा. ग्रंथात त्यांचा स्वर ऐकू येतो तो एवढाच, आणि तोही शिष्याला पुढे ढकलण्यापुरता.

गीतेवरील टीका झाली. परंतु दुसऱ्याच्या ग्रंथाच्या आधाराने नव्हे, तर स्वानुभवाने काही सांगावे, असे निवृत्तिनाथांनी सुचविले आणि त्यातून अमृतानुभव सिद्ध झाला, अशी परंपरा आहे. या ग्रंथाचे दुसरे प्रकरण संपूर्णपणे निवृत्तिनाथांच्या स्तवनाला वाहिलेले असून त्यात त्यांच्या नावाच्या अर्थाचाच सखोल विचार केलेला आहे. चांगदेवांनी पाठविलेल्या कोऱ्या पत्रास उत्तर लिहिण्याची आज्ञाही निवृत्तिनाथांचीच. त्या उत्तराच्या पासष्ट ओव्या चांगदेवपासष्टी म्हणून प्रसिद्ध आहेत. थोडक्यात, माउलींच्या ग्रंथरचनेच्या प्रत्येक वळणावर निवृत्तिनाथ उभे आहेत. स्वतःचा मोठा ग्रंथ त्यांनी मागे ठेवला नाही. त्यांना जे द्यावयाचे होते ते शिष्याच्या वाणीतून जगास मिळाले.

संतचरित्रांत त्यांची एक घरगुती आठवणही येते. एकदा त्यांना मांडे खाण्याची इच्छा झाली. मुक्ताबाई मांडे भाजण्यासाठी कुंभाराकडे खापर आणावयास गेल्या, तर आळंदीतील विसोबांनी ते मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी आपल्या पाठीवर अग्नी प्रज्वलित केला आणि मुक्ताबाईंनी त्या पाठीवर मांडे भाजले. छळ करणारे विसोबा त्यानंतर शरण आले आणि पुढे तेच नामदेवांचे गुरू झाले. कीर्तनांत ही कथा ज्ञानदेवांच्या सामर्थ्यासाठी सांगितली जाते. पण आईवेगळ्या घरातील थोरल्या भावाने एकदा गोडाची इच्छा बोलून दाखवावी आणि लहान बहिणीने ती पुरविण्यासाठी दारोदार हिंडावे, हा तिचा अर्थही विसरता येण्याजोगा नाही.

एकामागून एक

शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६. याच वर्षाच्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर अकस्मात स्वारी केली होती आणि यादवांचे राज्य मुळापासून हादरले होते. त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली.

त्या सोहळ्याचे वर्णन संत नामदेवांनी आपल्या समाधीच्या अभंगांत केले आहे. नामदेव स्वतः तेथे उपस्थित होते. सिद्धेश्वराच्या सान्निध्यात विवर सिद्ध झाले. नामदेवांच्या पुत्रांनी ती जागा झाडून स्वच्छ केली. निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांचा हात धरून त्यांना आसनापर्यंत नेले, बाहेर येऊन द्वारावर शिळा लोटली आणि मग त्यांचा धीर सुटला. ज्यांचे नावच निवृत्ती, ज्यांनी देहाच्या अनित्यतेचा उपदेश केला, ते सद्गुरू सर्वांच्या देखत शोक करू लागले. इतर संत त्यांची समजूत घालू लागले, तरी तो शोक आवरेना. नामदेवांनी हे झाकून ठेवले नाही आणि संप्रदायानेही ते कधी उणेपण मानले नाही. आईवडील गेल्यावर ज्याने तीन भावंडांना सांभाळले, त्याच्या दृष्टीने तो क्षण गुरू-शिष्यांच्या ताटातुटीइतकाच पित्याने मूल गमावल्याचाही होता.

महिनाभराने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, सोपानदेवांनी कऱ्हेच्या तीरी सासवड येथे समाधी घेतली. पाठोपाठ माघ महिन्यात चांगदेव पुणतांबे येथे समाधिस्थ झाले. उरलेल्या दोघा भावंडांना घेऊन संतांचा मेळा उत्तरेकडे तापीतीरी गेला. शके १२१९ च्या वैशाखात, हल्लीच्या जळगाव जिल्ह्यातील मेहूण परिसरात, प्रचंड वादळ उठले, विजेचा कडकडाट झाला आणि त्या प्रकाशात मुक्ताबाई दिसेनाशा झाल्या. अठरा वर्षांच्याही न झालेल्या या बहिणीला समाधी देण्याचे कर्तव्यसुद्धा थोरल्या भावाच्या वाट्यास आले नाही.

निवृत्तिनाथ एकटे राहिले. सर्वांत आधी जन्मास आलेले ते सर्वांत शेवटी मागे उरले. संतमंडळींसह ते त्र्यंबकेश्वराकडे निघाले. आळंदीस घर होते, आपेगावी पूर्वजांचे गाव होते, पंढरीस पांडुरंग होता. तरी त्यांनी अखेरीस ब्रह्मगिरीची वाट धरली. जेथे वाघाच्या भयाने पळत आलेल्या मुलाला गहिनीनाथांनी आश्रय दिला होता, त्याच डोंगराच्या पायथ्याशी शके १२१९, म्हणजे इ.स. १२९७ च्या ज्येष्ठ वद्य पक्षात त्यांनी समाधी घेतली. त्या वेळी त्यांचे वय सुमारे चोवीस वर्षांचे होते. ज्ञानदेवांना समाधिस्थ होऊन जेमतेम सात महिने झाले होते.

एका दिवसाची यात्रा

ज्या भाविकांना हे चरित्र पायी चालून अनुभवावयाचे असेल, त्यांनी एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. पहाटे कुशावर्तावर स्नान करून श्री त्र्यंबकेश्वराचे दर्शन घ्यावे. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीस दर्शनाची रांग मोठी असते. त्या दिवशी डोंगर चढण्याचा बेत आखू नये. दर्शनानंतर समाधी मंदिरात यावे आणि तेथून गंगाद्वाराची वाट धरावी.

गंगाद्वारास सुमारे सातशे पायऱ्या आहेत. चढ सरळ आहे, तेव्हा वृद्धांनी व हृदयविकार असलेल्यांनी घाई न करता जागोजागी थांबून जावे. वर गोदावरी मातेचे स्थान असून तेथे कड्यातून पाझरणाऱ्या जलाचे दर्शन घडते. जवळच कोलांबिका देवीचे मंदिर आहे. कातळात कोरलेल्या गुंफांपैकी एकीत १०८ शिवलिंगे असून ती गौतम ऋषींच्या तपश्चर्येशी जोडली जातात. दुसरी गोरक्षनाथांची गुंफा. हिच्या आत गेल्यावर बाहेरचा उजेड एकदम तुटतो. येथे काही क्षण दिवा वा विजेरी न लावता बसावे. रात्रीच्या अंधारात, वाघ मागे असताना एखादे मूल अशा गुंफेत शिरले तर त्यास काय वाटले असेल, हे सांगण्यास मग वेगळ्या कथेकऱ्याची जरुरी पडत नाही.

ब्रह्मगिरीच्या माथ्यावर जावयाचे असल्यास वाट निराळी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९५ मीटर उंचीच्या या पर्वतावर जाण्यासाठी कातळात खोदलेल्या पायऱ्या व दरवाजे आहेत. हाच त्र्यंबकगड, इ.स. १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. माथ्यावर गोदावरीचे मूळ उगमस्थान असलेले मंदिर आणि भगवान शंकरांनी जटा आपटल्या ते जटामंदिर आहे. सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान ही शिवाच्या पाच मुखांची नावे येथील पाच शिखरांना आहेत. पायऱ्यांवर माकडांचा उपद्रव होतो, म्हणून प्रसाद व खाद्यपदार्थ हातात उघडे ठेवू नयेत. पावसाळ्यात दगड निसरडे होतात आणि धुक्यामुळे चार पावलांपुढचे दिसत नाही. अशा दिवसांत गंगाद्वारापर्यंतच जाणे श्रेयस्कर.

नाशिककडे परतताना सुमारे ६ किलोमीटरवर अंजनेरी लागते. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेल्या या पर्वतावर अंजनीमातेचे मंदिर व गुंफा आहेत आणि पायथ्याशी जुन्या जैन व हिंदू मंदिरांचे अवशेष आढळतात. त्यांपैकी काही निवृत्तिनाथांच्या जन्माच्याही आधीची आहेत. ब्रह्मगिरी आणि अंजनेरी एकाच दिवसात चढण्याचा हट्ट मात्र धरू नये. अंजनेरीसाठी दुसरा दिवस राखावा.

त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची मोठी यात्रा पौष वद्य एकादशीस भरते. थंडीच्या कडाक्यात नाशिक, खानदेश, नगर व मराठवाडा या भागांतून शेकडो दिंड्या पायी येतात. रात्रभर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी टाळमृदंगाचा घोष चालतो, धर्मशाळा व मठ भरून जातात आणि गावातील व बाहेरील अन्नदात्यांच्या पंक्ती अखंड उठतात. समाधीची तिथी ज्येष्ठातील असली तरी त्या सुमारास महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर असते.

ही पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास त्र्यंबकेश्वराहून प्रस्थान ठेवते आणि नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा या मार्गाने जवळजवळ महिनाभर चालत राहते. तिकडे आळंदीहून ज्ञानदेवांची, सासवडहून सोपानदेवांची आणि मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी निघालेली असते. आषाढी एकादशीच्या आधी पंढरपूरच्या अलीकडे वाखरी येथे या पालख्या एकत्र येतात. चार दिशांना विखुरलेली ही चार भावंडे वर्षातून एकदा तेथे भेटतात. पौर्णिमेच्या काल्यानंतर निवृत्तिनाथांच्या पादुका पुन्हा ब्रह्मगिरीकडे परत फिरतात.